विद्युत कामाचे अंदाजपत्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधणारी कुटुंबे, सोसायट्यांचे पदाधिकारी, नव्याने परवाना घेतलेले विद्युत ठेकेदार आणि निविदा तयार करणारे कनिष्ठ अभियंते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आलेले रुपयांचे दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. ते बाजारभाव समजू नयेत.

1. अंदाजपत्रक आणि कोटेशन यांत फरक काय?

काम करवून घेणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने सल्लागाराने, कामाला किती खर्च यावा याचा जो हिशेब काढलेला असतो, ते अंदाजपत्रक. ठेकेदार अमुक अटींवर आणि अमुक मुदतीपर्यंत अमुक किमतीत काम करून देण्याची जी तयारी दाखवतो, ते कोटेशन. कोटेशनमध्ये त्याचा नफा, त्याच्या हातातली इतर कामे आणि पैसे वेळेवर मिळतील की नाही याबद्दलची त्याची शंका हे सारे मिसळलेले असते. सार्वजनिक बांधकाम विभागात हे टप्पे काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत: ढोबळ अंदाजपत्रकावर प्रशासकीय मान्यता मिळते, सविस्तर अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता मिळते आणि त्यानंतर निविदा निघते. खाजगी कामात मात्र बहुतेक वेळा अंदाजपत्रक होतच नाही; तीन कोटेशने मागवून मधले निवडले जाते. तुलना कशाशी करायची हेच हाताशी नसल्यामुळे ती निवड आंधळी ठरते (प्रश्न 16 पाहा).

2. खर्चाचा अंदाज काढण्याच्या पद्धती किती, आणि कोणती केव्हा वापरावी?

पद्धत ठरते ती हातात असलेल्या माहितीवरून. केवळ इमारतीचे क्षेत्रफळ ठरलेले असताना चौरस मीटरचा दर किंवा बांधकाम खर्चाची टक्केवारी यांपलीकडे काही करता येत नाही. साध्या निवासी इमारतीत अंतर्गत विद्युत कामासाठी बांधकाम खर्चाच्या 10 ते 15 टक्के रक्कम धरण्याची रूढी आहे. वास्तुविशारदाचा आराखडा आला की पॉइंट मोजता येतात आणि पॉइंटच्या दराने हिशेब मांडता येतो. उपकेंद्र, जनरेटर किंवा पंपगृह अशा ठिकाणी पॉइंटच्या मोजणीला अर्थ नसतो. तेथे विद्युत भारावरून, म्हणजे दर केव्हीएमागे (किलोव्होल्ट-ॲम्पिअर, भार मोजण्याचे एकक), प्राथमिक खर्च काढतात (प्रश्न 11). विद्युत आराखडे, सर्किटचे तक्ते आणि एकरेषीय आकृती (सगळी वीजव्यवस्था एकेका रेषेने दाखवणारी) तयार झाल्यावर सविस्तर पद्धतीची वेळ येते. तीत प्रत्येक वस्तूचे परिमाण मोजले जाते, प्रत्येक बाबीचा दर साहित्य, मजुरी आणि वरखर्च यांतून बांधला जातो आणि दोहोंचा गुणाकार करून बेरीज घेतली जाते.

एकाच अंदाजपत्रकात या पद्धती मिसळायला हरकत नाही. रुग्णालयाच्या कामात कर्मचारी निवासस्थाने पॉइंटने, शस्त्रक्रियागृह वस्तूवार मोजणीने आणि उपकेंद्र भारावरून काढले तर ते योग्यच आहे. मात्र कोणती रक्कम कोणत्या रीतीने आली हे त्या त्या ओळीपुढे लिहिलेले हवे. टक्केवारीने धरलेली रक्कम सविस्तर मोजलेल्या रकमेच्या शेजारी पैशांपर्यंत छापली की दोन्ही सारख्याच खात्रीच्या वाटू लागतात, आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की त्यातली एक निव्वळ अटकळ होती.

3. चौरस फुटामागे किती धरायचे तेवढेच सांगा, ते पुरेसे नाही का?

मंजुरीसाठी ढोबळ आकडा हवा असेल तर पुरेसे आहे; कंत्राट देण्यासाठी नाही. साडेसहाशे चौरस फुटांच्या दोन सदनिका घ्या. एकीत 45 पॉइंट आणि एक वातानुकूलन यंत्र आहे. दुसरीत 80 पॉइंट, तीन वातानुकूलन यंत्रे, इंडक्शन शेगडी आणि फॉल्स सीलिंगमधले दिवे आहेत. क्षेत्रफळ एकच असूनही खर्च दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. शिवाय हे क्षेत्रफळ चटई आहे, बांधीव आहे की विक्रीयोग्य, हे न सांगता दर सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. दर चटई क्षेत्रावर काढलेला आणि गुणाकार विक्रीयोग्य क्षेत्राने केलेला, असे झाले तर सगळा हिशेब पहिल्याच ओळीत बिघडतो.

4. ‘पॉइंट’मध्ये नेमके काय काय धरतात?

वादांपैकी निम्मे वाद येथेच उगवतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे. रूढ व्याख्येनुसार दिवा किंवा पंखा यांचा पॉइंट म्हणजे त्या खोलीतील स्विचबोर्डापासून दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागेपर्यंतची वायर, तिचा पाइप किंवा केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची पट्टी), अर्थची वायर, बोर्डाची पेटी, स्विच, टोकाचा सीलिंग रोझ किंवा कनेक्टर आणि हे सारे बसवण्याची मजुरी. दिवा आणि पंखा स्वतः त्यात येत नाहीत. डीबीपासून, म्हणजे वीज वेगवेगळ्या सर्किटांत वाटणाऱ्या पेटीपासून, त्या स्विचबोर्डापर्यंत येणारी वायर, म्हणजे सर्किट मेन, त्यात येत नाही. ती मीटरने वेगळी मोजली जाते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत पॉइंटचे अ, ब, क असे गट केलेले आहेत, कारण अरुंद खोलीतला पॉइंट आणि सभागृहातला पॉइंट एका दराने मोजणे दोघांपैकी एकावर अन्याय करते.

खाजगी ठेकेदारांची व्याख्या मात्र गावोगाव बदलते. काही जण मेनसकट पॉइंट देतात, काही जण फक्त मजुरीचा दर सांगतात आणि साहित्य मालकाने आणायचे असते. बोर्डावरचा 6 ॲम्पिअरचा सॉकेट काहींच्या हिशेबात अर्धा पॉइंट असतो. जिन्यातल्या दिव्याला वर आणि खाली असे दोन टू-वे स्विच असतात. तो एक पॉइंट धरायचा की दोन, हे आधी लिहून घेतलेले बरे. 16 ॲम्पिअरचा पॉवर पॉइंट आणि वातानुकूलन यंत्राचा पॉइंट यांना जाड वायर आणि बहुधा स्वतंत्र सर्किट लागत असल्याने ते दिव्याच्या पॉइंटमध्ये कधीही मिसळू नयेत.

आराखडा नसताना सर्किटची संख्या काढायची असेल तर जुना नियम उपयोगी पडतो: दिव्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट यांपैकी जे आधी भरेल ते, आणि पॉवरच्या एका सर्किटवर 3000 वॅट. त्या हिशेबाने 38 पॉइंटना किमान 4 सर्किटे लागतात आणि डीबीत एक-दोन मोकळ्या जागा ठेवाव्या लागतात.

5. नकाशावरून वायर आणि पाइप कसे मोजावेत?

नकाशा सपाट असतो आणि वायर भिंतीवरून चढते. एक उदाहरण पाहू. 3.6 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद खोली आहे, स्विचबोर्ड दाराजवळच्या कोपऱ्यात जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर आहे, छत 2.9 मीटरवर आहे आणि पंखा मध्यभागी आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे 2.34 मीटर भरते. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी धरल्या तर 7 मीटर वायर, असा हिशेब नवशिका मांडतो. प्रत्यक्षात बोर्डापासून छतापर्यंतची 1.7 मीटरची उभी चढण मिळवली की पाइप 4.04 मीटर होतो आणि तीन वायरींची लांबी 12.1 मीटर होते. दोन्ही टोकांना जोडणीसाठी प्रत्येक वायरमागे 30-30 सेंटिमीटर सोडावे लागतात, म्हणजे आणखी 1.8 मीटर. त्यावर 5 टक्के नासधूस धरली की आकडा साडेचौदा मीटरवर जातो. सातऐवजी साडेचौदा, तेही एका पंख्याला.

म्हणून आडव्या लांब्या आणि उभे चढउतार यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत. स्विचबोर्ड, डीबी, गीझरचा पॉइंट आणि वातानुकूलन यंत्राचा पॉइंट यांच्या उंच्या एकदा ठरवून तक्त्याच्या माथ्यावर लिहाव्यात, म्हणजे तपासणाऱ्यालाही हिशेब कळतो. मोजून झालेला प्रत्येक पॉइंट नकाशावर रंगीत पेन्सिलने खोडावा. संगणकावर मोजणी केली तरी ही सवय सोडू नये, कारण दोनदा मोजलेला पॉइंट बेरजेत कधीच दिसून येत नाही.

6. नासधूस किती टक्के धरावी?

वायर आणि केबलसाठी 5 टक्के, पाइप आणि केसिंग-कॅपिंगसाठी 5 ते 10 टक्के धरतात. पाइप 3 मीटरच्या लांबीत येतो, 2.2 मीटरच्या तुकड्यांची गरज वारंवार पडत असेल तर उरलेले तुकडे वाया जातात आणि 10 टक्केही अपुरे पडतात. खरेदी गुंडाळ्यांच्या हिशेबाने होते हेही ध्यानात ठेवावे. घरगुती वायर बहुधा 90 मीटरच्या गुंडाळीत मिळते, त्यामुळे एका रंगाची 95 मीटर वायर लागणार असेल तर दोन गुंडाळ्या घ्याव्या लागतात. मोठ्या कामात हा फरक विरून जातो, एका सदनिकेच्या कामात तो डोळ्यांत भरतो.

7. दरविश्लेषण म्हणजे काय? एखादे उदाहरण द्याल का?

एका बाबीच्या एका एककाचा दर घटकांतून बांधून दाखवणे म्हणजे दरविश्लेषण. प्रश्न 5 मधलाच पंख्याचा पॉइंट घेऊ आणि सर्व किमती जीएसटी वगळून धरू. वायर 14.6 मीटर, समजा 22 रुपये मीटरने, 321 रुपये. पाइप नासधुशीसह 4.2 मीटर, 25 रुपयांनी, 105 रुपये. स्विच, बोर्डाच्या पेटीतला आणि प्लेटमधला वाटा, पंख्याची पेटी, बेंड आणि किरकोळ साहित्य 190 रुपये. साहित्याची बेरीज 616 रुपये झाली. मजुरी 300 रुपये धरली तर 916 रुपये. त्यावर ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा मिळून 15 टक्के, म्हणजे 137 रुपये, धरले की दर 1053 रुपये होतो. हेच 15 टक्के केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात वापरले जातात. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 190 रुपये धरून पॉइंट 1243 रुपयांना पडतो.

या मांडणीचा खरा उपयोग वाटाघाटीत होतो. दर कमी करा असे म्हटल्यावर नेमके काय कमी होणार आहे, वायरची प्रत, स्विचची कंपनी की मजुरी, हे समोर दिसते. ठोक दरात ते दिसत नाही आणि मग कपात तिथे होते जिथे ती भिंतीआड लपते.

8. मजुरी टक्केवारीने धरावी की तासांनी?

साहित्याच्या 30 किंवा 40 टक्के मजुरी धरण्याची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक विसंगती आहे: महागडे मॉड्युलर स्विच निवडले की मजुरीही आपोआप वाढते, वास्तविक ते बसवायला लागणारा वेळ तेवढाच असतो. म्हणून मोठ्या कामात वेळेवरून मजुरी काढावी. एक वायरमन आणि एक हेल्पर यांची जोडी दिवसाला किती पॉइंटचा पाइप टाकते, किती पॉइंटची वायर ओढते आणि किती बोर्ड बसवते, याची नोंद मागच्या कामांतून ठेवली की जोडीच्या रोजाला त्या संख्येने भागून मजुरी मिळते. अमेरिकेत विद्युत ठेकेदारांच्या संघटनेची श्रम-एककांची पुस्तिका याच तत्त्वावर आहे आणि तीत कामाच्या सोप्या-अवघड परिस्थितीनुसार वेगवेगळे रकाने दिलेले असतात. ते आकडे आपल्या कामगारांना लावता येत नाहीत, पण रकाने वेगळे ठेवण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. लिफ्ट सुरू नसलेला बारावा मजला, शिडीऐवजी मचाण लागणारे सभागृह, फक्त रात्री काम करू देणारे कार्यालय, यांत त्याच पॉइंटला दीडपट वेळ सहज लागतो.

9. शासनाच्या दरसूचीत दर दिलेलाच आहे. मग दरविश्लेषण कशाला करायचे?

दरसूचीतील बाब जशीच्या तशी लागू होत असेल तर करू नये. दरसूचीचा दर तिच्या संपूर्ण वर्णनाशी बांधलेला असतो, आणि ते वर्णन वाचल्याशिवाय दर उचलणे हा कनिष्ठ अभियंत्यांचा सर्वांत महागडा प्रमाद आहे. भिंतीत गाडलेल्या पाइपच्या दरात झिरी पाडणे आणि ती बुजवणे आहे का? पॅनेलच्या दरात पाया आहे का? बाब दरसूचीत नसेल तर तीन कोटेशने, कमाल किमतीचे नव्हे तर तुलनेत योग्य ठरलेल्याचे दरविश्लेषण आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता, या मार्गाने जावे लागते. खाजगी कामात दरसूची ही तपासणीची फूटपट्टी म्हणून चांगली आहे. ती ज्या काळात बसवली त्यानंतर बाजार किती हलला हे मात्र पाहिलेच पाहिजे (प्रश्न 10).

10. तांब्याचा भाव हलला तर अंदाजपत्रकावर किती परिणाम होतो?

हे घरबसल्या काढता येते. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला 8.96 ग्रॅम आहे. म्हणजे 1 चौरस मिलिमीटर वायरच्या एका मीटरमध्ये जवळपास 9 ग्रॅम तांबे असते. त्यावरून 2.5 चौरस मिलिमीटरच्या 90 मीटरच्या गुंडाळीत सुमारे 2 किलो, 1.5 च्या गुंडाळीत सुमारे 1.2 किलो आणि 4 च्या गुंडाळीत सुमारे 3.2 किलो तांबे भरते. तांबे किलोमागे 100 रुपयांनी वाढले की 2.5 ची गुंडाळी करापूर्वी साधारण 200 रुपयांनी महागते. कामातल्या सर्व गुंडाळ्यांतील तांब्याचे किलो काढून ठेवले की भाववाढीचा परिणाम एका गुणाकारात मिळतो.

ठेकेदारांनी कोटेशनवर वैधतेची मुदत म्हणूनच लिहावी. वायर आणि केबलसाठी 15 किंवा 30 दिवसांपेक्षा जास्त मुदत देणे जोखमीचे आहे. वर्षभर चालणाऱ्या कामात भाववाढीचे कलम हवे, आणि त्यात पायाभूत भाव कोणत्या तारखेचा व कोणत्या यादीतला हे स्पष्ट असावे.

11. भारावरून खर्च काढताना काय चुकते?

भार वाढला तसा खर्च हळूहळू वाढतो, हे गृहीतक चुकते. रोहित्र, केबल आणि ब्रेकर यांच्या ठरावीक आकारांमुळे खर्च पायऱ्यांनी चढतो. समजा, 40 सदनिकांना प्रत्येकी 6 किलोवॅट जोडभार आहे, म्हणजे 240 किलोवॅट. सगळे एकाच वेळी सर्व उपकरणे लावत नाहीत म्हणून 0.5 गुणक धरला तर 120 किलोवॅट. लिफ्ट आणि पंपाचे 30 किलोवॅट 0.8 गुणकाने 24. एकूण 144 किलोवॅट, 0.9 शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टरने) भागून 160 केव्हीए. रोहित्र पूर्ण क्षमतेवर चालवायचे नसते. 80 टक्के भरले तरी 200 केव्हीएचे लागते. आता रहिवाशांनी विद्युत वाहनांसाठी चार्जिंगची मागणी केली आणि 25 केव्हीए वाढले, तर खर्च 25 केव्हीएचा वाढत नाही. पुढची पायरी 250 किंवा 315 केव्हीएची असते आणि तिच्यासोबत पॅनेलचा मुख्य ब्रेकर व केबलही बदलतात. म्हणून भार ठरण्यापूर्वी केलेल्या अंदाजपत्रकात लगतच्या वरच्या पायरीचा खर्चही दाखवावा. हे गुणक सल्लागार आपल्या अनुभवाने धरतो. वितरण कंपनीचे स्वतःचे निकष वेगळे असू शकतात आणि मंजुरी त्यांवर होते.

12. भूमिगत केबलची लांबी आणि खोदाई कशी मोजावी?

मार्गाची लांबी आणि केबलची लांबी या दोन वेगळ्या ओळी आहेत. 60 मीटरच्या मार्गासाठी दोन्ही टोकांना प्रत्येकी 3 मीटरचा राखीव वेढा, दोन्ही पॅनेलांमध्ये चढण्यासाठी 2-2 मीटर आणि चरात किंचित नागमोडी टाकण्यासाठी सुमारे 2 मीटर धरले तर केबल 72 मीटर लागते. चर मात्र 60 मीटरच मोजायचा. कमी दाबाच्या केबलवर 75 सेंटिमीटर आणि 11 केव्हीच्या केबलवर 90 सेंटिमीटर आच्छादन, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरश्या आणि इशाऱ्याची पट्टी, या प्रत्येकाची बाब धरावी.

सह्याद्रीच्या पूर्वेला आणि पुण्याच्या टेकड्यांच्या परिसरात अनेक ठिकाणी दोन फुटांवर काळा पत्थर लागतो. मऊ माती, मुरूम आणि कठीण खडक यांचे दर एकमेकांपासून फार दूर असल्याने दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊनच प्रमाण धरावे. नाहीतर केबलपेक्षा चर महाग पडतो. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिकेचे रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क हा स्वतंत्र आणि अनेकदा दचकवणारा आकडा असतो.

13. ‘अर्थिंग 2 नग’ एवढे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. जस्तविलेपित लोखंडी प्लेट 600 बाय 600 बाय 6.3 मिलिमीटरची असते आणि तिचे वजन सुमारे 18 किलो भरते. तांब्याची 600 बाय 600 बाय 3.15 मिलिमीटरची असते आणि तिच्यात सुमारे 10 किलो तांबे असते. एकीच्या दरात दुसरी येत नाही. प्लेट की पाइप की रासायनिक इलेक्ट्रोड, खड्ड्याची खोली, चेंबर, आणि खड्ड्यापासून पॅनेलपर्यंतच्या पट्टीची लांबी व धातू हे सारे लिहिलेले हवे. ही पट्टीच बहुतेक वेळा विसरली जाते.

14. महावितरणचा खर्च ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात येतो का?

सहसा येत नाही, आणि तो वेगळा दाखवणेच योग्य आहे. नवीन जोडणीचे शुल्क, सुरक्षा ठेव आणि कंपनीने ठरवलेला पायाभूत कामाचा खर्च हे ग्राहक थेट भरतो. काम ग्राहकाने परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचे ठरवले तर मानक खर्चाच्या 1.3 टक्के पर्यवेक्षण शुल्क महावितरणला द्यावे लागते आणि कामाचा खर्च ग्राहकाचा असतो. विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचे शुल्क, जेथे ती लागते तेथे, हीसुद्धा स्वतंत्र ओळ आहे. सुरक्षा ठेव हा खर्च नव्हे, परंतु सुरुवातीला रोख लागणाऱ्या रकमेत ती धरावी.

15. जीएसटी कुठे आणि किती वेळा लावायचा? टीडीएसही मिळवायचा का?

एकदाच, शेवटी. विद्युत कामाचे कंत्राट साहित्य आणि मजुरीसह दिले तर ते कार्यकंत्राट ठरते आणि त्यावर सर्वसाधारणपणे 18 टक्के दर लागतो. नोंदणीकृत ठेकेदार साहित्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट घेतो, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करतो. म्हणून दरविश्लेषणात साहित्याच्या किमती करापूर्वीच्या धराव्यात. दुकानाच्या बिलातली करासह किंमत घेऊन तिच्यावर पुन्हा 18 टक्के लावणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे, आणि साहित्याचा वाटा मोठा असल्याने ती मालकाला चांगलीच महाग पडते. कंपोझिशन योजनेतील (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या योजनेतील) ठेकेदाराची गोष्ट वेगळी: तो बिलात जीएसटी दाखवू शकत नाही आणि क्रेडिटही घेऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी करासह किंमत हाच खर्च असतो.

आयकराचा टीडीएस आणि शासकीय बिलांतून कापला जाणारा जीएसटीचा टीडीएस हे खर्चात धरू नयेत. ते पुढे वळते होतात, फक्त पैसा काही काळ अडकतो. बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर मात्र खराखुरा खर्च आहे आणि तो कोणी भरायचा हे करारात लिहिलेले असावे.

16. तीन कोटेशनांत 40 टक्क्यांचा फरक आहे. कोणाचे खरे?

कदाचित तिघांचेही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांची किंमत सांगितली असण्याची शक्यता अधिक. बेरीज बाजूला ठेवून आधी पॉइंटची संख्या आणि व्याख्या (प्रश्न 4), वायरचे आकार, वायर व स्विच यांच्या कंपन्या, 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा ब्रेकर) आहे की नाही, झिरी बुजवणे कोणाकडे, कर आत की बाहेर, हे एका तक्त्यात मांडावे. ज्या रकान्यात एखाद्याने काहीच लिहिलेले नाही तिथे इतर दोघांपैकी जास्त रक्कम लिहिणाऱ्याचा आकडा त्याच्या बेरजेत मिळवून पाहावा. एवढे केल्यावर फरक बहुधा बराच आटतो. उरलेला फरक दराचा असतो आणि त्यावर मग प्रश्न 7 च्या रीतीने बोलता येते.

17. जुन्या इमारतीचे रीवायरिंग नव्या कामाच्या दराने धरता येते का?

साहित्य धरता येते, मजुरी नाही. राहत्या घरात फर्निचर हलवणे, वीज अंशतः चालू ठेवणे, जुनी वायर काढणे आणि संध्याकाळी घर राहण्याजोगे करून देणे यांत वेळ जातो. जुन्या चाळींत आणि दगडी बांधकामात भिंतीत झिरी पाडता येत नाही, तेथे केसिंग-कॅपिंग धरावे लागते. रंगकाम आणि गिलावा यांची दुरुस्ती कोणाकडे, हे ठरले नाही तर वाद ठरलेलाच. जुन्या तांब्याच्या वायरींची भंगार किंमत किरकोळ नसते. ती मालकाला परत की बिलातून वजा, हे अंदाजपत्रकातच लिहावे.

18. आकस्मिक खर्चासाठी किती टक्के ठेवावे?

सविस्तर मोजणी झालेल्या नव्या कामात 3 ते 5 टक्के पुरतात. रीवायरिंगमध्ये 10 टक्केही जास्त नाहीत. ज्ञात पण न ठरलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ झुंबर किंवा अग्निशमन यंत्रणेची जोडणी, आकस्मिकात लपवू नयेत. त्यांना तात्पुरती रक्कम म्हणून नाव देऊन वेगळे दाखवावे.

19. काम सुरू झाल्यावर परिमाण वाढले तर जुनाच दर लागू होतो का?

करार काय म्हणतो त्यावर ते अवलंबून आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत, बी-1 प्रकारात ठेकेदार अंदाजित किमतीच्या किती टक्के वर किंवा खाली हे सांगतो आणि बी-2 प्रकारात प्रत्येक बाबीचा दर भरतो. दोन्हींत निविदेतील परिमाणापेक्षा 25 टक्क्यांपर्यंतची वाढ निविदेच्या दराने करून द्यावी लागते. त्यापुढील वाढीचा दर त्याच निविदेच्या कलम 38 नुसार ठरतो. निविदेत नसलेली बाब अतिरिक्त बाब म्हणून स्वतंत्र दरविश्लेषणाने मंजूर करावी लागते, आणि ती मोजमाप पुस्तिकेत चढण्यापूर्वी मंजूर झालेली असावी.

खाजगी करारात असे कलम बहुधा नसते. तेथे दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: पॉइंट वाढल्यास कोणता दर आणि कमी झाल्यास कोणती वजावट. दुसरी अट ठेकेदाराला आवडत नाही, कारण मालकाने दहा पॉइंट रद्द केले तरी पाइप स्लॅबमध्ये आधीच टाकलेला असतो. त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून वजावट पूर्ण दराने न धरता काम ज्या टप्प्यावर थांबले त्यानुसार धरावी: पाइप टाकून झाला असेल तर वायर, स्विच आणि उरलेली मजुरी एवढीच वजा होते, वायर ओढून झाली असेल तर फक्त स्विच आणि जोडणी.